मांगरातली जीप, लिलावातली बोली

शंकेखोर : मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडे कुणाच्या मांगरात जुनी जीप पडून असली, तर पूर्वी मालक मिस्त्रीला विचारायचा, ‘ही सुरू होईल का?’ आता तो भेटेल त्याला विचारतो, ‘हिचे किती येतील?’ हा बदल मला अस्वस्थ करतो. जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या लिलावाचे आकडे मोबाइलवर फिरतात आणि लोक त्यांनाच बाजारभाव समजतात. सप्टेंबर २०२० मध्ये महिंद्राने नव्या थारची पहिली गाडी ऑनलाइन लिलावात काढली, ती १ कोटी ११ लाखांना गेली. २०२४ मध्ये थार रॉक्सची पहिली गाडी १ कोटी ३१ लाखांना गेली. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात लँड रोव्हरची वीस लाखावी गाडी ४ लाख पौंडांना विकली गेली. या तिन्ही गाड्या कोऱ्या करकरीत होत्या आणि तिन्ही लिलावांचा पैसा समाजकार्याला जायचा होता. बोली लागली ती क्रमांकावर, पहिल्या किंवा वीस लाखाव्या असण्यावर. पण आजोबांची पत्रा कुजलेली जीप विकायला निघालेल्या नातवाच्या डोक्यात हेच आकडे बसतात. मग एक तर तो अवाच्या सवा किंमत सांगून गिऱ्हाईक घालवतो आणि गाडी आणखी चार पावसाळे कुजते, नाही तर कंटाळून येईल त्या भावाला देऊन टाकतो. लिलावाच्या आकड्यांनी गाडीचं भलं होतं, हे मला कुठे दिसत नाही.

हौशी : त्या तीन आकड्यांवरून बाजार ओळखू नये, हे मला मान्य आहे. पण मागणी का वाढली ते बघा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. एवढी ढीगभर बनलेली वस्तू दुर्मीळ झाली, कारण जपण्यासाठी म्हणून ती कुणी घेतलीच नव्हती. युद्ध संपलं आणि गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या. त्या कंत्राटदारांनी घेतल्या, बागायतदारांनी घेतल्या, खाणवाल्यांनी घेतल्या आणि मोडेपर्यंत राबवल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली आणि मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडू लागली. तिकडे इंग्लंडात रोव्हरचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या आपल्या शेतावर लष्कराची जुनी विलीज वापरत होते. तिच्यावरूनच लँड रोव्हर सुचली आणि ३० एप्रिल १९४८ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. जगात आज जुन्या फोर बाय फोर गाड्यांवर ज्या बोली लागतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं मूळ शोधत गेलं, की आपण या जीपपाशी येतो. अशी गाडी मांगरात पडलेली असते तेव्हा तिच्यासाठी गावात एकच गिऱ्हाईक असतं, भंगारवाला. तो किलोवर बोलतो. त्याच्यापेक्षा चार पैसे जास्त बोलणारं कुणी आलं, तरच ती गाडी वाचते. तो जास्त बोलणारा माणूस म्हणजे संग्राहक. त्याच्या हेतूवर तुमचा विश्वास नसेल, पण वितळायला जाणारी गाडी त्याच्यामुळे थांबली, एवढं तरी मान्य करा.

शंकेखोर : थांबली, पण कोणती? तुमचा संग्राहक गाडीखाली आडवा होतो, टॉर्च मारतो आणि चेसिसची पुढची आडवी दांडी बघतो. गोल नळीची असली तर विलीज, उलट्या यू-आकाराची असली तर फोर्ड. मग बोल्टांची डोकी पुसून बघतो, कारण फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर ठोकलेलं होतं. मग इंजिन कोणतं, डायनॅमो कोणता, नंबरप्लेट कुठल्या सालची. जेवढं कारखान्यातून आलं तसंच राहिलं असेल, तेवढी किंमत वर. आता आपल्याकडच्या जीपचं काय झालं ते आठवा. १९७३ नंतर पेट्रोल परवडेनासं झालं, तसं मूळ पेट्रोल इंजिन उतरलं आणि डिझेल चढलं. कुणी मॅटॅडोरचं बसवलं, कुणी पूजो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस आणि समुद्रावरचा खारा वारा यांनी तळाचा पत्रा खाल्ला, तो दोनदा-तीनदा बदलला. मागची बॉडी लांबवून समोरासमोर दोन बाकं टाकली आणि तिच्यावर वडाप झालं. एस.टी. चुकलेला माणूस, बाजाराला निघालेली बाई, आंब्याच्या पेट्या, अडलेली बाळंतीण, सगळं त्याच जीपमधून गेलं. आपल्याकडचं घर जसं दर पिढीला एखादी पडवी काढत वाढतं, तशी ही जीप वाढली. तुमच्या बाजाराच्या भाषेत मात्र ती ‘ओरिजिनल नाही’. म्हणजे मालवणने त्या गाडीत जी जी भर घातली, ती किंमत ठरवताना वजा होते. ज्या कामामुळे ती आपली झाली, तेच काम तुमच्या लेखी तिचा दोष ठरतं. कारखान्यातल्या १९४३ सालच्या एका दिवसाची किंमत लाखात आणि आपल्या रस्त्यांवरच्या पन्नास वर्षांची किंमत शून्याच्याही खाली, असा हा हिशेब आहे.

हौशी : हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण मूळ रूपाचा आग्रह ही श्रीमंतांची लहर आहे, असं तुम्ही धरून चाललात तर चुकाल. मूळ रूप हा पुरावा असतो. युद्धातल्या विलीजचा हेडलाइट बिजागरीवर बसवलेला आहे. एक विंगनट सैल केला, की तो उलटा फिरतो आणि उजेड बॉनेटखाली इंजिनावर पडतो. रात्री रानात गाडी बंद पडली तर दुसरा दिवा लागत नाही. हे ज्या माणसाने योजलं त्याला गाडी कुठे चालणार, कोण चालवणार, काय बिघडणार, हे सगळं ठाऊक होतं. दिवा बदलून टाकला, की हा विचारही गेला. दुसरी गोष्ट तळाची. त्या जीपच्या तळाखाली पत्र्याच्या पन्हाळीसारख्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्या पोटात मजबुतीसाठी लाकूड भरलेलं आहे. ते लाकूड पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून सडतो. वरून रंग चकाचक, खालून बोट घातलं तर आरपार. आपल्या किनाऱ्यावर जीपचा तळ का टिकत नाही याचं अर्धं उत्तर त्या लाकडात आहे. हे ज्याने मूळ गाडी उघडून पाहिली त्यालाच कळतं. शिवाय मूळ रूप ओळखणारे लोक आहेत म्हणून फसवणुकीला थोडा तरी आळा बसतो. महिंद्राची सीजे ३ बी घ्या. तिच्यातलं इंजिन उंच होतं म्हणून तिचा बॉनेट उंच करावा लागला होता. आज असल्या उंच बॉनेटच्या गाड्या कापून-जोडून, बुटक्या करून ‘विलीज’ म्हणून खपवल्या जातात. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवण्याचा मोठा धंदाच आहे. त्या कारागिरीबद्दल मला आदर आहे, पण जे नाही ते आहे म्हणून विकणं वेगळं. बोल्टावरचा ‘एफ’ शोधणारा माणूस तुम्हाला किरकोळ वाटतो. खऱ्याला खरं म्हणण्याची रीत तोच टिकवून ठेवतो.

शंकेखोर : ठीक. पुरावा जपला पाहिजे, हे मान्य. पण त्या पुराव्याचा मोबदला कुणाला मिळतो ते सांगा. गावातल्या मालकाला आपल्याकडे काय आहे हे माहीत नसतं. एजंट येतो, ‘भंगारापेक्षा जास्त देतो’ म्हणतो, टेम्पोत घालून घाटावर नेतो. पुढे कुठल्या तरी मोठ्या गॅरेजमध्ये ती उघडली जाते आणि शेवटी ज्या भावाला विकली जाते तो भाव गावात कळतसुद्धा नाही. ज्या मिस्त्रीने पंचवीस वर्षं बाजारात पार्ट मिळत नसताना लेथवर बुश कातून, पाट्यांना पाटे जोडून ती चालती ठेवली, त्याच्या हाती काय येतं? बाजार एकाच जागी उजेड पाडतो, हातोडा पडतो तिथे. आणि सरकारी गाड्यांकडे तर तुमच्या संग्राहकाला वाटच नाही. १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा आल्या. मग गटविकास अधिकाऱ्याची जीप, तहसीलदाराची जीप, आरोग्य केंद्राची जीप, मलेरियावाल्यांची जीप. खेडोपाडी सरकार पोचलं ते या गाड्यांवर बसून. त्यांतल्या किती उरल्या? निर्लेखनाचा ठराव झाला, ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ अशी जाहिरात निघाली आणि वजनावर गेल्या. आता तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणीच संपते आणि ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्यावी लागते. देशात एका बाजूला जुन्या गाडीसाठी लाखोंची बोली लावणारे लोक आणि दुसऱ्या बाजूला जुनी गाडी मोडलीच पाहिजे असा नियम. या दोन लिलावांची गाठच पडत नाही.

हौशी : तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा निघतो. जिथे हौशी माणसाला बोली लावायची मुभा नाही, तिथे सगळं किलोवर जातं. आपल्या सरकारी जीप बाजाराने खाल्ल्या नाहीत, बाजार तिथे नव्हता म्हणून त्या गेल्या. १९७० सालच्या आरोग्य केंद्राच्या जीपला कुणी दहा रुपये जास्त द्यायला तयार आहे हे त्या वेळच्या कारकुनाला माहीत असतं, तर त्याने ठरावात एखादी ओळ वेगळी घातली असती. गावातल्या मालकाचंही तसंच आहे. तो नाडला जातो, कारण त्याला भाव माहीत नाही. मग भाव जाहीर असणं चांगलं की लपलेला असणं? एजंटाचं पोट गुपितावर भरतं. उघड लिलाव, जाहीर झालेला आकडा, चार लोकांनी केलेली चर्चा यांनी ते गुपित फुटतं. राहिला कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर २० हजार रुपये आणि ‘व्हीए’ अक्षरांची मालिका; आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. नोंदणी दहा वर्षांची आणि नूतनीकरणाला ५ हजार. म्हणजे १९७५ सालची माझगाव-कांदिवलीची जीप आज या नियमात बसू शकते. हा नियम कुणामुळे आला? जुन्या गाड्यांना किंमत आहे असं आग्रहाने सांगणाऱ्या लोकांमुळे.

शंकेखोर : तोच नियम पुढे वाचा. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. म्हणजे डिझेल चढवलेली, मागून वाढवलेली आपली जीप इथेही बाद. दुसरं, व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, तांत्रिक अभ्यास एवढ्यापुरतीच. बाजारानेही तेच सांगितलं आणि कायद्यानेही: जपायची असेल तर उभी करा. पण आपल्या किनाऱ्यावर गाडी उभी करणं म्हणजे तिला गंजाच्या हवाली करणं. देवबागला, आचऱ्याला विचारा. रोज चालणारी गाडी मालक धुतो, पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारतो, गळणारं सील आठवड्यात दिसतं. उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, टाकीत पाणी जमतं, हुडाखाली उंदीर वायरी खातात. जीप ही कामाची वस्तू. काम हेच तिचं जतन होतं. किंमत वाढली की मालक घाबरतो, बाहेर काढत नाही, ओरखडा पडू देत नाही. मग तिला वाचवायला वातानुकूलित गॅरेज लागतं आणि ते मालवणात नसतं. म्हणून ती जाते. आणि ज्या मागणीच्या भरवशावर हे सगळं उभं आहे, ती मागणी तरी किती दिवसांची? लिलावात भाव चढायला दोनच हट्टी माणसं पुरतात. पुढच्या खेपेला त्यांतला एक आला नाही, की तीच गाडी निम्म्यावर. ज्यांनी लहानपणी जीपच्या मागच्या बाकावर बसून प्रवास केला ती पिढी आज कमावती आहे, म्हणून बोली लावते. तिच्यानंतर?

हौशी : ती भीती खरी आहे. अमेरिकेत युद्धापूर्वीच्या कित्येक मोटारींचं असंच झालं. त्यांच्यावर जीव टाकणारी पिढी म्हातारी होत गेली, तशी मागणी ओसरली. जीपचंही होऊ शकेल. म्हणून गुंतवणूक म्हणून जीप घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. ज्याला तिच्याशी कर्तव्य नाही त्याने घेऊ नये. पण जीपच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. ती अजून संपलेली नाही. तिचे भाग मिळतात, तिचं इंजिन साध्या हत्यारांनी उघडता येतं, आणि तिच्या चेहऱ्याचा दबदबा आजही आहे. महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी आणली, तिचं रूप आपल्या जुन्या जीपसारखं होतं. जीपचं नाव ज्यांच्याकडे आहे त्या कंपनीने तक्रार केली आणि २०२० मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने महिंद्राच्या विरोधात निकाल दिला. महिंद्राला रूप बदलावं लागलं. ऐंशी वर्षांपूर्वी ठरलेल्या बॉनेटच्या आणि मडगार्डच्या रेषांवरून दोन बलाढ्य कंपन्या भांडतात, याचा अर्थ ही किंमत दोन हट्टी माणसांची नाही. जोंगाचंही बघा. निसानच्या धर्तीवर जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत ही लष्करी गाडी बनली, मग विस्मरणात गेली. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने एक जोंगा घेतली आणि ज्या मुलांनी ती कधी पाहिली नव्हती त्यांच्याही तोंडी ते नाव आलं. आवड पिढीबरोबर मरतेच असं नाही. कुणीतरी गाडी नीट राखून रस्त्यावर आणली, तर ती पुढच्या पिढीला लागते.

शंकेखोर : रॉक्सरचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. जीपचा चेहरा कुणाचा, यावर कोर्टकचेरी करायला लोक आहेत, वकील आहेत, पैसा आहे. पण त्या चेहऱ्यामागे फोंडा घाट नि आंबोली घाट चढणारं जे डिझेल इंजिन आपल्या मिस्त्रीने बसवलं, ते कुणाचं? त्यासाठी भांडायला कुणीही येणार नाही. मला आता माझाच आक्षेप जास्त नेमका मांडता येतो. जीपला किंमत आली याचं मला दुःख नाही. जीपला दोन चरित्रं आहेत. एक कारखान्यात घडलेलं, दुसरं इथे घडलेलं. बाजार पहिल्याचेच पैसे देतो आणि ते वसूल करण्यासाठी दुसरं पुसून काढतो. गाडी ‘रिस्टोअर’ होते म्हणजे नेमकं काय होतं? वाढवलेली बॉडी कापली जाते, डिझेल उतरतं, पेट्रोल इंजिन कुठून तरी आणून बसवलं जातं, लष्करी हिरवा रंग मारला जातो, बॉनेटवर पांढरा तारा काढला जातो. गाडी वाचली. पण कुडाळ-मालवण रस्त्यावरची वीस वर्षं कापून भंगारात गेली. आणि त्या वीस वर्षांना फोटो नाही, कागद नाही.

हौशी : कागद आहे. आणि तो तुमच्या समोर आहे. जुन्या गाडीचं आर.सी. बुक उघडा. पहिल्या पानावर पहिला मालक, खाली तारीख. मग बदल्या: या गावाहून त्या गावाला, बापाकडून मुलाकडे, कंत्राटदाराकडून बागायतदाराकडे. मध्येच बँकेच्या कर्जाचा बोजा चढल्याची नोंद, काही वर्षांनी तो उतरल्याची. टॅक्सच्या पावत्या, पासिंगचे शिक्के. आणि आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन इंजिन बदललं असेल, तर नव्या इंजिनाचा नंबर आणि पेट्रोलच्या जागी डिझेल, अशी नोंद. तुम्ही ज्याला दुसरं चरित्र म्हणता त्याची प्रकरणं तिथे शिक्क्यानिशी लिहिलेली आहेत. पुढे पुस्तकाऐवजी स्मार्ट कार्ड आलं. त्यावर आजचा मालक आणि आजचं इंजिन तेवढं दिसतं, मधली पानं नाहीत. कार्ड मिळालं की लोक जुनं पुस्तक टाकून देतात. जगभरच्या लिलावांत गाडीबरोबर तिची कागदपत्रं असली, ती कुणाकडे होती, कुठल्या कामाला होती याचा पुरावा असला, तर बोली वाढते. हे तत्त्व लष्कराच्या तुकडीतल्या गाडीला लागू होतं, सिनेमातल्या गाडीला लागू होतं. मग आरोग्य केंद्राच्या जीपला का लागू होऊ नये? आपण कागद जपला असता तर ‘साथीच्या काळात मालवण तालुक्यात फिरलेली जीप’ याला बाजारात अर्थ आला असता. बाजार दुसऱ्या चरित्राला पैसे देत नाही, कारण ते त्याच्यासमोर कुणी ठेवलेलंच नाही.

शंकेखोर : इथे मला दुसरी भीती वाटते. आज बोल्टावर खोटा ‘एफ’ ठोकता येतो. उद्या कागदाला भाव आला की कागदही खोटे निघतील, आठवणीही खोट्या निघतील. प्रत्येक जीप एखाद्या नेत्याच्या प्रचाराला गेलेली असेल, प्रत्येक जीपने साथीत औषधं पोचवलेली असतील. ज्या कामाची त्या वेळी कुणी नोंद केली नाही, त्याची नोंद पैशासाठी करायला लागलो तर ती नोंद विश्वासाची राहणार नाही. बाजाराला दुसरं चरित्र दाखवलं, की बाजार तेही घडवून देईल.

हौशी : मग त्यावर उपाय काय? नोंदच करायची नाही, म्हणजे खोटी होणार नाही? तुम्ही तसं म्हणणार नाही. मला एवढंच दिसतं, की नोंद विक्रीच्या आधी झाली पाहिजे. गिऱ्हाईक दारात नसताना, किमतीचा विषय निघालेला नसताना. आणि ती मालकाने एकट्याने करू नये. ज्या मिस्त्रीने इंजिन बसवलं त्याने सांगावं, ज्या ड्रायव्हरने वडाप केलं त्याने सांगावं, आणि दोघांचं जुळतं का ते पाहावं. तरीही एक पेच सुटत नाही, तो मी मान्य करतो. समजा, सगळी नोंद झाली. त्यानंतर ती जीप मूळ रूपात आणावी, की मालवणने केली तशीच ठेवावी? मूळ रूपात आणली तर हेडलाइटची बिजागरी, तळातलं लाकूड आणि सहा व्होल्टची वायरिंग पुढच्या माणसाला शिकता येईल. तशीच ठेवली तर आपला इतिहास शिकता येईल. एका सांगाड्यावर दोन्ही करता येत नाही. मी अजूनही मूळ रूपाकडे झुकतो, कारण तसं उदाहरण दिवसेंदिवस कमी होत चाललं आहे.

शंकेखोर : आणि मी म्हणेन, आपल्या रूपातली उदाहरणं त्याहून झपाट्याने कमी होत आहेत, कारण त्यांना दुर्मीळ म्हणणारंच कुणी नाही. युद्धातली विलीज जगात कुठे ना कुठे जपली जाईल. तिची पुस्तकं छापली आहेत, तिचे बोल्टसुद्धा नव्याने बनतात. डिझेल चढवलेली, बाकं टाकलेली, तळ तीनदा बदललेली सिंधुदुर्गातली जीप एकदा गेली की तिचा नमुना कुठेही मिळणार नाही. म्हणून एखादी तरी तशीच राहावी, चालती राहावी, असं माझं मागणं आहे. तिची किंमत किती, ती कोण देणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि तुमच्या बाजाराकडेही अजून नाही. आपण दोघं एवढ्यावर मात्र एक आहोत, की विकायची की ठेवायची हा निर्णय मालकाचा, पण पुसून टाकायचा अधिकार कुणालाच नाही. म्हणून ज्यांच्या मांगरात, खळ्यात, गॅरेजच्या मागे अशी जीप उभी आहे त्यांना एक विनंती. एजंट येण्याआधी तिचे चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुसून, वाचून लिहून ठेवा. स्मार्ट कार्ड झालं असलं तरी जुनं आर.सी. बुक टाकू नका. गाडी गेली तरी त्याच्या पानांच्या प्रती घरात ठेवा. तिचा मिस्त्री आणि तिचा ड्रायव्हर हयात असतील तर त्यांना याच महिन्यात भेटा आणि कोणतं काम केव्हा केलं ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. हे झाल्यावर मग भाव विचारा.